प्लेग्रुप किंवा पाळणाघर चालवताय? फोन असा सेट करा, म्हणजे काम वेळेत संपेल आणि तुम्हीही थकणार नाही

घरातल्या हॉलमध्ये १५-२० मुलांचा प्लेग्रुप, सोसायटीतलं पाळणाघर किंवा भाड्याच्या जागेतली छोटी नर्सरी असं काही तुम्ही चालवत असाल किंवा सुरू करायचा विचार करत असाल, तर आजचा लेख तुमच्यासाठी आहे.

या व्यवसायात तुम्हीच टीचर असता, तुम्हीच ऑफिस, तुम्हीच अकाउंटंट आणि तुम्हीच कस्टमर केअर. हे सगळं एकाच फोनवर चालतं आणि तोच फोन मुलं समोर असताना दर दोन मिनिटांनी वाजत राहतो.

समजा सकाळचे ११ वाजलेत. पालकांच्या ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं, दोन फॉरवर्ड, 'डबा खाल्ला का?', 'उद्या सुट्टी आहे का?' असे ४० मेसेज आलेत. त्यातच एक मेसेज आहे, 'आज न्यायला आई नाही, काका येतील.' तोच नेमका तुमच्या नजरेतून सुटला. साडेबाराला दारात अनोळखी माणूस उभा राहिला, तर मूल त्याच्या हातात द्यायचं की नाही?

म्हणून फोनचं सेटिंग हा इथे फक्त वेळ वाचवायचा विषय नाही. मुलं समोर असताना फोन गप्प राहिला पाहिजे, पण खरंच महत्त्वाची गोष्ट तुमच्यापर्यंत पोचलीच पाहिजे. हे दोन्ही एकत्र कसं जमवायचं, ते आपण स्टेप बाय स्टेप पाहू. लागणारी सगळी ॲप्स मोफत आहेत.

## आधी बघा, दम कुठे जातो?

मुलांना सांभाळणं दमवणारं आहेच. पण संध्याकाळी डोकं सुन्न होतं, त्यामागे बऱ्याचदा अर्धवट कामं असतात. रंगकाम घेताना फीचा मेसेज वाचला, उत्तर अर्धं टाइप केलं, तेवढ्यात कुणीतरी रडलं, फोन ठेवला आणि उत्तर तसंच राहिलं. असं दिवसातून ३० वेळा झालं की एकही काम संपल्यासारखं वाटत नाही.

हे मोजायची सोय तुमच्या फोनमध्येच आहे.

- अँड्रॉइड: सेटिंग्जमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' उघडा. दिवसात फोन किती वेळा अनलॉक केला आणि कोणत्या ॲपच्या किती नोटिफिकेशन आल्या, ते दिसेल.
- आयफोन: सेटिंग्जमध्ये 'स्क्रीन टाइम' उघडा. तिथे 'पिकअप्स' आणि 'नोटिफिकेशन्स' बघा.

तीन दिवसांचे आकडे वहीत लिहा. विशेषतः मुलं असतात त्या वेळात फोन किती वेळा हातात घेतला, ते बघा. खाली दिलेले बदल केल्यावर हाच आकडा पुन्हा तपासायचा आहे.

## दिवसाचे तीन भाग करा

मुलांची वेळ ९:३० ते १२:३० आहे असं धरू. तुमची वेळ वेगळी असेल तर त्याप्रमाणे बदला.

1. मुलं यायच्या आधी (९:०० ते ९:२०): मेसेज वाचायचे, आज कोण येणार नाही ते टिपायचं, कुणाला न्यायला वेगळं माणूस येणार असेल तर ते कागदावर लिहून दाराजवळ लावायचं.
2. मुलं असताना (९:३० ते १२:३०): फोन सायलेंट आणि उंच कपाटात. फक्त तातडीचे कॉल येतील.
3. मुलं गेल्यावर (१:३० ते २:१५ आणि संध्याकाळी ६:०० ते ६:३०): पालकांना उत्तरं, फीचा हिशोब, नवीन चौकशीचे फोन.

१२:३० ते १:३० हा तास मुद्दाम रिकामा ठेवलाय. तो जेवायचा आणि पाठ टेकायचा वेळ आहे. या तासात फोन हातात घेतला, तर दुपारनंतरचं काम दुप्पट जड वाटतं.

## व्हॉट्सॲप बिझनेस: पहिलं काम हेच करा

साधं व्हॉट्सॲप वापरत असाल, तर 'व्हॉट्सॲप बिझनेस' घ्या. भारतात ते २०१८ मध्ये आलं आणि छोट्या व्यवसायासाठी त्याचं ॲप मोफत आहे. एकच नंबर एकाच वेळी दोन्ही ॲप्सवर चालत नाही, म्हणून व्यवसायासाठी वेगळं सिम घेतलेलं बरं. फोन ड्युअल सिम असेल, तर दुसरा हँडसेट लागणार नाही आणि मावशींचे, मैत्रिणींचे मेसेज पालकांच्या मेसेजमध्ये मिसळणार नाहीत.

स्टेप १: अवे मेसेज लावा. सेटिंग्जमधल्या 'बिझनेस टूल्स'मध्ये 'अवे मेसेज' मिळेल. 'आउटसाइड ऑफ बिझनेस अवर्स' हा पर्याय निवडा.

इथे एक युक्ती आहे. प्रोफाइलमधल्या बिझनेस अवर्समध्ये वर्गाची वेळ टाकली, तर मुलं असताना अवे मेसेज जाणारच नाही. म्हणून तिथे उत्तर देण्याची वेळ टाका, म्हणजे १:३० ते २:१५ आणि ६:०० ते ६:३०. वर्गाची वेळ प्रोफाइलच्या माहितीत लिहा. मेसेज असा ठेवता येईल:

> नमस्कार! आत्ता मी मुलांसोबत आहे किंवा कामाची वेळ संपली आहे. दुपारी १:३० किंवा संध्याकाळी ६ नंतर उत्तर देईन. तातडीचं असेल, किंवा आज मुलाला न्यायला वेगळी व्यक्ती येणार असेल, तर कृपया साधा फोन करा.

अवे मेसेज फोनला इंटरनेट असेल तेव्हाच जातो आणि तो फक्त वैयक्तिक चॅटला जातो, ग्रुपला नाही. त्यामुळे डेटा बंद करू नका, फोन फक्त गप्प करा.

स्टेप २: क्विक रिप्लाय बनवा. रोज तीच ती उत्तरं टाइप करण्यात बराच वेळ जातो. अशी उत्तरं एकदा साठवली, की चॅटमध्ये '/' टाकून निवडता येतात. सुरुवातीला या पाच पुरतील:

- /फी: फीची रक्कम, शेवटची तारीख आणि यूपीआय आयडी
- /प्रवेश: वयाची अट, वेळ, बघायला कधी यायचं
- /सुट्टी: या महिन्याच्या सुट्ट्या
- /आजारी: ताप, उलटी किंवा अंगावर पुरळ असेल तर मुलाला घरी ठेवण्याची विनंती
- /डबा: डब्यात काय द्यावं, काय नको

स्टेप ३: लेबल लावा. 'नवीन चौकशी', 'फी बाकी', 'फॉर्म बाकी' अशी तीन-चार लेबलं बनवा. दुपारी बसलात की 'फी बाकी' उघडायचं आणि सगळ्यांना एकदम /फी पाठवायचं. कुणाला पाठवलं आणि कोण राहिलं, हे डोक्यात ठेवावं लागत नाही.

स्टेप ४: ग्रुपला कुलूप लावा. ग्रुपच्या नावावर टॅप करून 'ग्रुप परमिशन्स' किंवा 'ग्रुप सेटिंग्ज' उघडा आणि मेसेज पाठवण्याचा अधिकार फक्त ॲडमिनकडे ठेवा. पालकांना आधी नीट सांगा, नाहीतर कुणाला वाईट वाटू शकतं: 'हा ग्रुप सूचनांसाठी आहे, तुमच्या मुलाबद्दलचं मला पर्सनलवर लिहा.'

ग्रुपमध्ये सगळ्या पालकांना एकमेकांचे नंबर दिसतात, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ते नको असेल, तर व्हॉट्सॲपची 'कम्युनिटी' बनवा. तिच्या अनाउन्समेंट ग्रुपमध्ये सदस्यांचे नंबर इतर सदस्यांपासून लपलेले राहतात. ज्यांनी नंबर आधीच सेव्ह केलाय त्यांना आणि ॲडमिनला मात्र ते दिसतात.

## फोन गप्प, पण तातडीचा कॉल येणार

आता सगळ्यात महत्त्वाचं सेटिंग.

अँड्रॉइडवर: सेटिंग्जमध्ये 'डू नॉट डिस्टर्ब' शोधा. 'शेड्युल'मध्ये सोमवार ते शुक्रवार, ९:३० ते १२:३० अशी वेळ टाका. मग 'कॉल्स'मध्ये 'स्टार्ड काँटॅक्ट्स'ना परवानगी द्या आणि सगळ्या पालकांचे नंबर काँटॅक्टमध्ये स्टार करा. 'रिपीट कॉलर्स' चालू ठेवा. एकाच नंबरवरून १५ मिनिटांत दुसऱ्यांदा कॉल आला तर तो वाजेल, मग नंबर सेव्ह नसला तरी चालेल.

आयफोनवर: 'फोकस'मध्ये नवीन फोकस बनवा, पालकांना 'अलाउड पीपल'मध्ये घ्या आणि वेळ ठरवा. इथेही दुसऱ्यांदा आलेला कॉल वाजू देण्याची सोय आहे, पण तो ३ मिनिटांच्या आत आला पाहिजे.

व्हॉट्सॲप कॉलला ही सूट बऱ्याचदा लागू होत नाही. त्यामुळे पालकांना स्पष्ट सांगा, 'तातडीचं असेल तर व्हॉट्सॲप कॉल नको, साधा कॉल करा.' मदतीला ताई किंवा मावशी असतील तर त्यांचा नंबरही दुसरा पर्याय म्हणून द्या. शेड्युल लावल्यावर घरातल्या कुणाकडून तरी एकदा कॉल करून घ्या आणि खरंच वाजतो का ते तपासा.

मुलाला नेण्याचा नियम लेखी करा. प्रवेशाच्या वेळीच नेणाऱ्या व्यक्तींची नावं आणि फोटो घ्या. त्यात बदल असेल, तर पालकांनी फोन करायचा. नुसता मेसेज चालणार नाही, कारण मेसेज दुसऱ्या कुणीही त्यांच्या फोनवरून टाकू शकतं. अनोळखी नंबरवरून फोन आला, तर तुम्ही स्वतः पालकांच्या नोंदवलेल्या नंबरवर उलट कॉल करा. दोन मिनिटं जातील, पण इथे घाई नको.

## फीचा हिशोब: दर महिन्याचं टेन्शन संपवा

पैसे मागायला आपल्याला संकोच वाटतो, म्हणून फीचं काम लांबतं आणि डोक्यात घोळत राहतं. ते सिस्टीमवर सोपवा.

1. व्यवसायासाठी वेगळं बँक खातं ठेवा आणि त्याचा यूपीआय क्यूआर कोड प्रिंट करून दाराशी लावा.
2. गुगल शीट्समध्ये एक साधी शीट बनवा: मुलाचं नाव, महिना, रक्कम, मिळाल्याची तारीख, कॅश की यूपीआय.
3. पालकांना सांगा, पेमेंट करताना नोटमध्ये मुलाचं नाव आणि महिना लिहा.
4. फोनच्या कॅलेंडरमध्ये दर महिन्याच्या १, ५ आणि १० तारखेला रिमाइंडर लावा. १ ला सूचना, ५ ला आठवण, १० ला फोन.

सावधान: पेमेंटचा स्क्रीनशॉट म्हणजे पेमेंट नाही, कारण खोटे स्क्रीनशॉट बनवता येतात. बँकेच्या ॲपमध्ये पैसे जमा दिसले, तरच शीटमध्ये नोंद करा. आणि पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. 'तीन मुलांचा ॲडव्हान्स पाठवतो, पिन टाका' असा फोन आला तर तो फ्रॉड आहे, लगेच कट करा.

## प्रवेश अर्ज आणि रोजच्या नोंदी

गुगल फॉर्म: प्रवेश अर्ज फॉर्मवर घ्या. त्यात कोणत्या पदार्थाची ॲलर्जी आहे, डॉक्टरांचा नंबर, दोन इमर्जन्सी नंबर, न्यायला येणाऱ्या व्यक्ती आणि फोटो काढायला परवानगी हे प्रश्न हवेतच. उत्तरं आपोआप शीटमध्ये जमा होतात. ॲलर्जीची यादी मात्र कागदावर प्रिंट करून डब्याच्या जागेजवळ लावा. खाऊच्या वेळी तुमच्या हातात फोन नसेल.

शीट शेअर करताना 'एनीवन विथ द लिंक' कधीही निवडू नका. ज्यांना गरज आहे, त्यांचाच ईमेल टाका. गुगल अकाउंटला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा. आणि आधार कार्डचे फोटो उगाच फोनमध्ये जमवू नका.

निरीक्षणाच्या नोंदी: बालशिक्षणात मुलाकडे नीट बघणं हा कामाचा गाभा आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीत, आजच्या पालघर जिल्ह्यात, काम सुरू केलं आणि मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात नेली. मुलांचं जगणं आधी बघायचं आणि शिकवणं त्यावरून ठरवायचं, ही त्यामागची दिशा होती. आपल्या छोट्या वर्गातही ते जमतं.

यासाठी जीबोर्डमध्ये मराठी भाषा जोडा आणि माइकचं बटण दाबून बोला. मराठी व्हॉइस टायपिंग २०१७ पासून उपलब्ध आहे. रोज मुलं गेल्यावर फक्त तीन मुलांबद्दल एकेक वाक्य बोला: 'आज पहिल्यांदा स्वतःहून गोष्टीत बोलली.' 'कात्री धरताना हात दुखतो म्हणाला.' वर्गात २० मुलं असतील, तर सात दिवसांत प्रत्येकाची एक नोंद होते. पालक सभेच्या आदल्या रात्री आठवत बसावं लागत नाही आणि पालकांनाही जाणवतं की या टीचरचं आमच्या मुलाकडे लक्ष आहे.

## फोटो: कमी काढा, जपून पाठवा

पालकांना फोटो आवडतात, पण रोज ५० फोटो काढायचे, निवडायचे आणि पाठवायचे म्हणजे अर्ध्या तासाचं काम. शिवाय फोटो काढताना मुलांवरची नजर हटते. आठवड्यातून एक दिवस, मोजके फोटो असा नियम करा.

- फॉर्ममध्ये ज्या पालकांनी 'नको' म्हटलंय, त्यांचं मूल फ्रेममध्ये येऊ देऊ नका.
- कॅमेरा सेटिंगमध्ये 'लोकेशन टॅग' बंद ठेवा.
- ग्रुपमध्ये 'ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी' चालू करा. त्यामुळे फोटो समोरच्याच्या फोनमध्ये आपोआप सेव्ह होत नाहीत. तरीही स्क्रीनशॉट घेता येतो, हे लक्षात असू द्या.
- कपडे बदलताना, रडताना किंवा झोपलेलं असताना मुलाचे फोटो नकोच.
- इन्स्टाग्रामवर जाहिरात करायची असेल, तर चेहऱ्यांऐवजी मुलांच्या हातांचे, चित्रांचे, मातीच्या कामाचे फोटो टाका.

भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या डेटासाठी पालकांची पडताळता येणारी संमती घेण्याची तरतूद आहे. म्हणून परवानगी तोंडी न घेता लेखी घ्या.

## स्वतःची बॅटरीही चार्ज करा

आवाज जपा. दिवसभर मोठ्याने बोलून घसा बसतो. एक छोटा ब्लूटूथ स्पीकर घ्या आणि प्रत्येक कामाला एक धून ठरवा: खेळणी आवरायची एक, हात धुवायची दुसरी. आठवडाभरात मुलं धून ऐकूनच कामाला लागतात. प्लेलिस्ट आधीच डाउनलोड करून ठेवा आणि फोन कपाटातच राहू द्या.

मुलांच्या हाती स्क्रीन देऊ नका. खूप दमलं की यूट्यूबवर गाणी लावून बसावंसं वाटतं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक वर्षापर्यंतच्या मुलांसाठी स्क्रीन नकोच आणि २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी दिवसात एका तासापेक्षा जास्त नको. घरी तो तास बहुतेक वेळा आधीच संपलेला असतो. त्याऐवजी दमलेल्या दिवसासाठी एक 'शांत डबा' भरून ठेवा: कणकेचा गोळा, ओवायचे मोठे मणी, जुनी चित्रांची मासिकं. लहान मुलं तोंडात घालतील अशा वस्तू त्यात नकोत.

पाणी आणि बसणं. मुलं खाऊ खातात तेव्हा तुम्हीही पाणी प्या आणि खाली बसा. यासाठी वेगळा अलार्म लागत नाही, कारण ही वेळ रोज ठरलेलीच असते.

झोप. डिजिटल वेलबीइंगमध्ये 'बेडटाइम मोड' रात्री १० ला लावा. रात्री साडेदहाला आलेल्या मेसेजला एकदा उत्तर दिलं, की पुढच्या वेळी तशीच अपेक्षा राहते.

आजारपणाची तयारी. मुलांची सर्दी टीचरला होतेच. 'आज मी नसेन तर' या नावाचं एक पान गुगल डॉक्समध्ये लिहा: किल्ली कुठे, दिवसाचा क्रम, ॲलर्जीची यादी, पालकांचे नंबर. ते मदतनीस ताईंसोबत शेअर करा. मग १०१ ताप अंगात घेऊन वर्ग घ्यायची वेळ येणार नाही.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पैसे भरून स्कूल मॅनेजमेंट ॲप घ्यावं का?
२०-२५ मुलांपर्यंत वरच्या मोफत साधनांत काम होतं. दोन शाखा किंवा चार-पाच टीचर झाल्या की विचार करा. घेण्याआधी दोन गोष्टी विचारा: डेटा कुठे साठवता आणि ॲप सोडलं तर तो परत मिळेल का?

पालक चिडले तर? 'मॅडम उत्तरच देत नाहीत' म्हणाले तर?
पहिल्याच पालक सभेत कारण सांगा: 'तुमचं मूल माझ्यासमोर असतं, तेव्हा मी फोन बघत नाही.' हे ऐकून चिडणारे पालक फार कमी. पण मग १:३० ला खरंच उत्तर द्या.

सगळं एकाच दिवशी बदलू का?
नको. पहिल्या आठवड्यात डू नॉट डिस्टर्ब आणि अवे मेसेज. दुसऱ्या आठवड्यात ग्रुपचं सेटिंग आणि क्विक रिप्लाय. तिसऱ्यात फीची शीट, चौथ्यात फॉर्म आणि फोटोचे नियम.

पाळणाघर सकाळी ८ ते रात्री ८ असेल तर?
मग दोन जणी लागतातच. फोनचीही पाळी ठरवा: दुपारी मुलं झोपतात तेव्हा एक जण मेसेज बघेल आणि दुसरी फक्त मुलांकडे.

## थोडक्यात

मित्रांनो, महिनाभराने पुन्हा डिजिटल वेलबीइंग उघडा आणि पहिल्या तीन दिवसांच्या आकड्यांशी तुलना करा. मुलांच्या वेळात फोन हातात घेण्याचा आकडा खाली आला असेल, तर तुमचं सेटिंग जमलं. आणि 'आज काका येतील' हा निरोप आता मेसेजच्या ढिगात अडकणार नाही. तो फोनवर येईल, दाराजवळच्या कागदावर लिहिला जाईल आणि साडेबाराला मूल योग्य माणसाच्याच हातात जाईल.